‘प्लेसमेंट झाली’ म्हणजे नेमकं काय झालं? कौशल्य प्रशिक्षण, पीएफच्या नोंदी आणि आपलं नागपूर

वैदर्भी (११ जानेवारी, रात्री ९.५०)

मी चार वर्षं नागपुरातल्या एका कौशल्य प्रशिक्षण सेंटरवर प्लेसमेंटचं काम केलं. आता ते काम सोडलंय, पण त्यातला एक प्रश्न काही पाठ सोडत नाही, म्हणून हा धागा.

आमची बॅच ३० जणांची. शिलाई मशीन, दुकानातली विक्री, इलेक्ट्रिशियनचा मदतनीस असे कोर्स. प्रशिक्षण झालं की परीक्षा, मग सर्टिफिकेट, आणि मग माझं काम सुरू. मुलामुलींना बुटीबोरीला, हिंगण्याला, मिहानला (सगळे नागपूरलगतचे औद्योगिक भाग) मुलाखतींसाठी न्यायचं, ऑफर लेटर गोळा करायची, योजनेच्या सरकारी पोर्टलवर चढवायची. त्यानंतर दर महिन्याला फोन: ‘अजून कामावर आहेस ना? पगाराची स्लिप पाठव.’ ह्या फोनांची माझी एक लांब वही होती. नाव, गाव, कंपनी, रुजू तारीख आणि पुढे पहिला, दुसरा, तिसरा महिना असे रकाने. तिसऱ्या महिन्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते मला आजही आठवतं. ‘बंद’. ‘बंद’. ‘आईने उचलला, पुण्याला गेला म्हणे’. ‘उचलत नाही’. ‘लग्न’. ‘चालू, पण कंपनी बदलली’. पुन्हा ‘बंद’.

कुहीकडची एक मुलगी बुटीबोरीला कपड्यांच्या युनिटमध्ये लागली. तिघींत मिळून एक खोली, डबा, येण्याजाण्याचा खर्च. हातात काही उरेना. २३ दिवसांनी ती घरी परतली. पोर्टलवर ती ‘प्लेस्ड’ आहे. उलट एक मुलगा होता, त्याला आम्ही कुठेच लावू शकलो नव्हतो. तो मला गेल्या वर्षी वर्धा रोडवर भेटला. अंगात मिहानमधल्या एका कंपनीचा युनिफॉर्म, गळ्यात ओळखपत्र. म्हणाला, ‘मॅडम, दोन वर्षं झाली. पीएफ कटतो.’

ते ‘पीएफ कटतो’ माझ्या डोक्यात बसलं. माझ्या वहीत जे कधी आलंच नाही, ते सरकारच्या दुसऱ्या एका दप्तरात दर महिन्याला लिहिलं जात होतं. मग सरकार प्रशिक्षणाची किंमत माझ्या फोनवरून का ठरवतं? प्रशिक्षणार्थींची यादी आणि पीएफची नोंद शेजारी-शेजारी ठेवली तर एक वर्षानं, तीन वर्षांनी कोण कामावर आहे ते दिसेल. हे होऊ शकतं का? ह्यातलं कळणारी माणसं इथे आहेत हे माहीत आहे, म्हणून विचारतेय.

हिशेबनीस_हिंगणा (११ जानेवारी, रात्री ११.१५)

धागा चांगला काढलात ताई. मी १८ वर्षांपासून हिंगणा एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांचं पीएफ आणि ईएसआयसीचं (कामगारांच्या सरकारी आरोग्य विम्याचं) काम बघतो. दर महिन्याच्या १५ तारखेच्या आत ईसीआर, म्हणजे पीएफचं मासिक विवरण, भरायचा, चलान काढायचं. त्या नोंदींत काय सापडेल आणि काय सापडणार नाही, ते सांगतो.

ईसीआर ही साधी टेक्स्ट फाइल असते. एका कामगाराची एक ओळ. आधी बारा आकडी यूएएन, म्हणजे कामगाराचा कायमचा पीएफ नंबर, मग नाव, एकूण पगार, ज्यावर पीएफ कापला तो पगार, वर्गणीचे आकडे, आणि शेवटाकडे एनसीपी दिवस, म्हणजे त्या महिन्यात किती दिवसांचा पगार नाही. तुमच्या कुहीच्या मुलीचा पीएफ कंपनीनं भरला असेल, तर एखाद-दोन महिन्यांच्या फाइलींत तिची ओळ दिसेल, न भरलेले दिवस एनसीपीच्या रकान्यात दिसतील, आणि त्यापुढच्या फाइलीत ती ओळच नसेल. फोन न करता हे कळतं. मुलीला आठवण करून देऊन लाजवावंही लागत नाही.

आता अडचणी. पहिली आणि मोठी: पगाराच्या आकड्यावर भरवसा ठेवू नका. पीएफची पगारमर्यादा २०१४ च्या सप्टेंबरपासून १५,००० आहे. २२,००० पगार असला तरी पुष्कळ मालक १५,००० वरच कापतात, आणि एकूण पगाराच्या रकान्यातही घाईघाईत तोच आकडा चिकटवलेला मी पाहिलाय. म्हणून ‘ओळ आहे की नाही’ आणि ‘सलग किती महिने आहे’ हे विश्वासाचं. ‘पगार किती वाढला’ हे नाही.

दुसरी अडचण ठेकेदाराची. पोरगा काम करतो बुटीबोरीत, पण त्याचा पीएफ भरतो ठेकेदार, आणि ठेकेदाराचा पीएफ नोंदणी कोड मुंबईचा किंवा पुण्याचा. मोठ्या कंपन्यांचंही तसंच, प्लांट इथे आणि कोड मुख्य कार्यालयाचा. फक्त नागपूरच्या कार्यालयाच्या नोंदी धुंडाळल्या तर अर्धी पोरं हरवलेली वाटतील. शोध देशभरच्या नोंदींत व्हायला हवा.

तिसरी, एका माणसाचे दोन-दोन यूएएन. ठेकेदार बदलला की नवा काढायचा, असं सर्रास चालायचं. १ सप्टेंबर २०२१ पासून आधार जोडल्याशिवाय ईसीआर जात नाही, त्यामुळे त्यानंतरचं चित्र बरंच स्वच्छ आहे. त्याआधीच्या बॅचेस जुळवताना घाम निघेल. नावावरून जुळवायला तर जाऊच नका. एका कागदावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. मेश्राम इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहितात. मुलींची लग्नानंतर नावंच बदलतात.

आणि पीएफ कायदा २० किंवा जास्त कामगार असतील तिथे लागतो. ईएसआयसी कारखान्यांना १० पासून लागतं आणि २१,००० पगारापर्यंत चालतं. दोन्ही दप्तरं एकत्र पाहिली तर जाळं थोडं बारीक होतं. तरीही खूप जण त्यातून निसटतात.

रेणू_मानेवाडा (१२ जानेवारी, सकाळी ८.०५)

निसटलेल्यांपैकी मी एक. २०२२ मध्ये ब्युटी पार्लरचा कोर्स केला, सरकारी योजनेतूनच. सेंटरनं एका मोठ्या सलूनमध्ये लावून दिलं होतं, मी महिनाभरात सोडलं. रात्री साडेनऊला सुटायचं आणि तिथून मानेवाड्याला यायचं, घरी लहान मुलगी. मग घराच्या पुढच्या खोलीत एक खुर्ची आणि आरसा लावला. आता लग्नसराईत मला जेवायला फुरसत नसते. हळद, मेंदी, नवरीचा मेकअप, सगळं करते. पावसाळ्यात मंदी असते, पण घरातला किराणा आणि मुलीची फी माझ्या पैशानं होते.

तुम्ही पीएफची यादी लावलीत तर मी त्यात शून्य. सलूनमधला तो एक महिना कदाचित दिसेल, पुढे कोरं. कोणीतरी अहवालात लिहील, ‘प्रशिक्षणाचा उपयोग झाला नाही.’ माझ्या बॅचमधल्या ज्या बायका आज कमावतात त्यातल्या बहुतेक माझ्यासारख्याच आहेत. मला राग नाही, पण मोजणार असाल तर आम्हालाही मोजा.

वैदर्भी (१२ जानेवारी, सकाळी ९.२०)

रेणूताई, बरं झालं तुम्ही लिहिलंत. मी चार वर्षं उलटी चूक केली. घरी काम सुरू करणारीला मी ‘ड्रॉप’ लिहायचे, कारण पोर्टलवर चढवायला ऑफर लेटर नसायचं.

सांख्यिकी_मास्तर (१२ जानेवारी, रात्री १०.३०)

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. विषय जिव्हाळ्याचा आहे, थोडं सविस्तर लिहितो.

रेणूताईंनी सांगितलेली गोष्ट ह्या क्षेत्रातली जुनी दुखरी जागा आहे. अमेरिकेत ‘जॉब कोअर’ नावाचं गरीब तरुणांसाठीचं निवासी प्रशिक्षण आहे. त्याचं मूल्यमापन १९९० च्या दशकात चिठ्ठ्या टाकून केलं. कोणाला प्रवेश आणि कोणाला नाही हे नशिबावर ठरलं. मग दोन्ही गटांना प्रत्यक्ष विचारून मिळकत काढली, आणि कराच्या सरकारी नोंदींतूनही काढली. लोकांनी सांगितलेली मिळकत नोंदींपेक्षा बरीच जास्त निघाली, त्याचं एक कारण म्हणजे सुटं, रोखीचं काम नोंदीत येत नाही. आणि नोंदींवरून असंही दिसलं की सुरुवातीचा फायदा चार वर्षांनंतर विरून गेला, २० ते २४ वयाच्या मुलांमध्येच तो टिकला. ही दुसरी गोष्ट फोनवर कधीच कळली नसती. दहा वर्षं कोण कोणाला फोन करत बसणार? दोन्ही पद्धती एकमेकींची उणीव भरतात. तेव्हा सगळ्यांची नोंद तपासा आणि नोंदीत न सापडलेल्यांपैकी थोड्या जणांच्या घरी जा. आपल्याकडे नोंदींतही आणखी धागे आहेत: लहान व्यवसायाची उद्यम नोंदणी, दुकानाचा गुमास्ता परवाना, इलेक्ट्रिशियनचा वायरमन परवाना.

पण वैदर्भीताई, तुमच्या प्रश्नात मला खरी अडचण दुसरीच दिसते. समजा यादी जुळली आणि दोन वर्षांनी ३० पैकी १४ जण पीएफमध्ये दिसले. ते १४ चांगले की वाईट? प्रशिक्षण न घेताही त्यातल्या किती जणांना नोकरी लागली असती? तुमच्या वर्धा रोडवरच्या मुलाला तर तुम्ही लावलंच नव्हतं.

‘प्रशिक्षणाआधी किती कमवत होता आणि नंतर किती’ असं बघूनही भागत नाही. १९७८ मध्ये ॲशेनफेल्टर नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं अमेरिकेतल्या सामाजिक सुरक्षेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्याला दिसलं की प्रशिक्षणाला येणाऱ्यांची मिळकत नेमकी प्रवेशाच्या आधीच खाली गेलेली असते. साहजिक आहे. ज्याचं काम सुटलं तोच सेंटरची पायरी चढतो. आपल्याकडे जिनिंगचा हंगाम संपला, ठेका संपला, की माणूस कोर्सला येतो. पुढे त्याची मिळकत आपसूकही वर आली असती. ती सगळी वाढ आपण प्रशिक्षणाच्या खात्यावर जमा करतो.

म्हणून तुलनेला दुसरा गट लागतो, आणि तो शक्य तितका तसाच लागतो. १९८६ मध्ये लालोंद नावाच्या संशोधकानं दाखवून दिलं की इकडून-तिकडून गोळा केलेल्या गटाशी तुलना केली तर उत्तर कुठल्या कुठे जातं. त्याच्याकडे एका कार्यक्रमाचं चिठ्ठ्यांवर आधारलेलं खरं उत्तर होतं. त्याच कार्यक्रमाला सर्वेक्षणातली इतर माणसं जोडून त्यानं हिशेब केला, तर कधी फायदा फुगला आणि कधी फायद्याचं नुकसान झालं.

कामठीचा_भाऊ (१२ जानेवारी, रात्री ११.४०)

मास्तर, तुमचं म्हणणं मले पटलं. माह्या घरीच हे होऊन गेलं. माह्या पोराचा आयटीआयले फिटरमध्ये नंबर लागला, भावाच्या पोराचा थोड्याशा मार्कानं हुकला. दोघं एकाच वर्गातले, एकाच अंगणात वाढलेले. पोरगा आज बुटीबोरीत ठेकेदाराकडे आहे, पीएफ कटते त्याचा. पुतण्या दोन वर्ष वावरात होता, मंग कामठी रोडवर गॅरेजले लागला. आता त्यालेही बरे पैसे भेटतात. मंग आयटीआयनं माह्या पोराले किती दिलं? दिलं असंन जरूर, पण किती, ते मले नाही सांगता येत.

सांख्यिकी_मास्तर (१३ जानेवारी, सकाळी ७.१५)

भाऊ, तुम्ही जे लिहिलंत तेच शास्त्रात वापरतात. आयटीआयचे प्रवेश गुणांवर होतात. यादीत शेवटचा नंबर लागलेला आणि थोडक्यात हुकलेला, ह्या दोन मुलांत तसा काय फरक? प्रवेशरेषेच्या अलीकडचे आणि पलीकडचे असे पुष्कळ जण घेतले, पाच वर्षांनी दोघांची पीएफ नोंद पाहिली, तर जो फरक दिसेल तो बराचसा आयटीआयचा. त्यातही मेख आहे. हुकलेला पुढच्या फेरीत दुसऱ्या ट्रेडला किंवा खासगी आयटीआयला जातो, म्हणून त्याचाही माग काढावा लागतो. पण ह्या प्रवेशयाद्या राज्यभर ऑनलाइन तयार होतात. गुण, क्रमांक, तारीख सगळं आहे.

लहान कोर्सना गुणांची यादी नसते. तिथे चिठ्ठ्या. तुर्कस्ताननं २०१०-११ मध्ये हेच केलं. ज्या कोर्सना जागांपेक्षा जास्त अर्ज आले, तिथे सुमारे ५,९०० अर्जदारांमधून चिठ्ठी टाकून निवड केली, आणि पुढे सामाजिक सुरक्षेच्या नोंदींतून तीन वर्षं दोन्ही गट पाहिले. सुरुवातीला नोंदणीकृत नोकरीत किंचित फरक दिसला, तीन वर्षांत तोही गेला. कोलंबियात अशाच पद्धतीनं २००५ साली निवडलेल्या तरुणांचा माग नोंदींतून पुढे जवळपास दहा वर्षं काढला, तिथे फायदा टिकलेला दिसला. त्या कोर्समध्ये वर्गातल्या शिकवणीला कंपनीतल्या प्रत्यक्ष कामाची जोड होती. दोन्ही ठिकाणी पुढे काय झालं, ते नोंदी पाहिल्या म्हणून कळलं.

गणेशपेठ (१३ जानेवारी, दुपारी १.००)

सगळं वाचतोय. एक भीती मांडतो. उद्या असे आकडे काढले आणि वाईट आले, तर कोर्सच बंद करतील. दुरुस्त करत बसणार नाहीत. गरिबाच्या पोराला जो एक दरवाजा उघडा आहे तोही जाईल. आणि सेंटरना पीएफवर मोजायला लागलात तर सेंटर तेच दाखवतील जे मोजलं जातं.

वैदर्भी (१३ जानेवारी, रात्री १०.१०)

गणेशपेठ, दुसरा भाग आधी, कारण तो मी जवळून पाहिलाय. केंद्राच्या कौशल विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात सेंटरला पैसे तीन हप्त्यांत मिळायचे: ३० टक्के बॅच सुरू झाल्यावर, ५० टक्के सर्टिफिकेटनंतर आणि २० टक्के प्लेसमेंटनंतर. त्या शेवटच्या २० टक्क्यांसाठी काय काय चालतं ते सांगते. आमच्या मोबिलायझरला, म्हणजे कोर्ससाठी मुलं शोधून आणणाऱ्याला, सांगितलं जायचं: बारावी झालेला बघ, घरी दुचाकी असलेला बघ, ज्याला बुटीबोरीला जायला काही वाटणार नाही असा बघ. म्हणजे ज्याला आमच्याशिवायही नोकरी लागली असती, तोच आम्हाला हवा असायचा. ज्याला खरंच गरज होती त्याला ‘पुढच्या बॅचला ये’. मीही असं कितीजणांना सांगितलंय. एका आईनं मुलाची मार्कशीट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पावसात आणली होती. नववी नापास. मी तिला तेच सांगितलं. ती पुन्हा आली नाही.

चौथ्या टप्प्यात प्लेसमेंटची अट पैशापासून वेगळी काढली. दडपण गेलं हे चांगलं झालं, पण आता नोकरी लागली का हे बघण्याची कोणालाच घाई उरली नाही.

मला वाटतं, पीएफचा आकडा सेंटरच्या बिलाला बांधायचाच नाही. तो शिकण्यासाठी ठेवायचा. कोणता कोर्स, कोणत्या भागात, कोणत्या मुलींसाठी चालतो? कुहीच्या मुलीला शिलाई येत होती. तिला कमी पडली ती राहायला परवडणारी जागा. दहा बॅचेसची नोंद एकत्र पाहिली आणि लांबून येणाऱ्या मुली दुसऱ्या महिन्यात गळतात हे दिसलं, तर कोर्स बंद करायचं कारण कुठे येतं? वसतिगृह काढायचं कारण मिळतं.

हिशेबनीस_हिंगणा (१४ जानेवारी, सकाळी ७.५०)

सर्वांना संक्रांतीच्या शुभेच्छा, तीळगूळ घ्या गोड बोला. गच्चीवर पोरांची पतंगं सुरू झाली आहेत, मांजा जपून.

एक राहिलं होतं. पीएफमध्ये नवी ओळ आली म्हणजे नवी नोकरी लागली असं धरू नका. १ ऑगस्ट २०२५ पासून केंद्राची विकसित भारत रोजगार योजना चालू आहे. पहिल्यांदा पीएफमध्ये येणाऱ्या कामगाराला १५,००० पर्यंत, आणि मालकालाही माणसामागे प्रोत्साहन. माझ्याच काही ग्राहकांनी वर्षानुवर्षं रोखीत पगार घेणारी माणसं आता पुस्तकावर घेतली. कामगाराचं भलं झालं, पण माणूस तोच आणि मशीनही तेच. ह्या काळातल्या बॅचची तुलना २०२३ च्या बॅचशी केलीत तर प्रशिक्षण फार सुधारलं असं दिसेल. मास्तर म्हणतात तसा हुकलेल्यांचा गट त्याच वर्षीचा असेल, तर दोघांनाही ही योजना सारखीच लागू, मग अडचण नाही. बरोबर ना मास्तर?

सांख्यिकी_मास्तर (१४ जानेवारी, सकाळी ९.००)

अगदी बरोबर. हे मी वर्गात सांगेन.

सदर_लेखा (१४ जानेवारी, दुपारी ३.३०)

लेखापरीक्षणाच्या कामातून निवृत्त झालो आहे. कॅगचा (सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेचा) कौशल विकास योजनेवरचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला, तो वाचा. प्रशिक्षणार्थींच्या ९० टक्क्यांहून जास्त नोंदींत बँक खात्याच्या जागी शून्य, कोरं, किंवा ‘लागू नाही’ असं होतं. काही ठिकाणी एकच आकडा ओळीनं लिहिलेला. तुम्ही यादी पीएफशी जुळवायचं बोलताय, पण मुळातली यादीच अशी असेल तर जुळवणार कशाशी? माझ्या अनुभवात जी नोंद पुढे कोणी वापरत नाही ती नेहमी खराब होते. पगारपत्रकात चूक झाली तर माणूस दुसऱ्या दिवशी टेबलाशी उभा राहतो. प्रशिक्षणार्थीच्या रकान्यात चूक झाली तर कोणी येत नाही. ही नोंद कोणीतरी दर वर्षी वापरायला लागला, तरच ती सुधारेल.

स्नेहल_ॲडव्होकेट (१५ जानेवारी, रात्री ९.४०)

कायद्याचं बघू. मला ह्या धाग्यातली सर्वात नाजूक गोष्ट वाटते ती ही, की कोणा मुलीचं नाव, आधार आणि कुठल्या कंपनीत आहे ही माहिती एका सेंटरच्या संगणकावर एकत्र येणं. घरच्यांना न सांगता पुण्यात काम करणाऱ्या मुली माझ्याकडे येतात. कुठे आहे ते नको त्या माणसाला कळलं तर काय होतं ते मी कोर्टात पाहिलंय. सेंटरच्या हाती ही माहिती मुळीच जाऊ नये.

पण त्याची गरजही नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संशोधन आणि सांख्यिकीच्या कामासाठी सूट आहे. अट अशी, की त्या माहितीवरून कोणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची. उद्या ‘तुझी पीएफ नोंद दिसते, तुझी शिष्यवृत्ती बंद’ असं करता येणार नाही. केलं तर सूट गेली.

रचना कशी असावी ह्याचं एक चांगलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. तिथल्या न्याय खात्यानं २०१३ मध्ये सोय केली: तुरुंगातून सुटलेल्यांसाठी काम करणारी संस्था आपल्या माणसांची यादी खात्याला देते. खातं स्वतःच्या नोंदींत त्यांचा आणि तशाच इतरांचा शोध घेतं आणि संस्थेला फक्त गटाचं उत्तर परत देतं. एकाचंही नाव परत जात नाही. पुढे तिथल्या रोजगार खात्यानंही असंच सुरू केलं. आपल्याकडे पीएफच्या यंत्रणेनं असं केलं तर नागपुरातल्या लहानशा संस्थेलाही यादी देऊन उत्तर मिळेल: तुमच्या इतक्या जणांपैकी वर्षानंतर इतके, हुकलेल्यांपैकी इतके. गट फार लहान असेल तर उत्तरच द्यायचं नाही, नाहीतर दोघा-तिघांत कोण ते लगेच ओळखू येतं.

आणि प्रवेशाच्या फॉर्मवर साध्या मराठीत लिहा की नोंद कशासाठी वापरणार. बारीक इंग्रजी अक्षरात नको.

वैदर्भी (१८ जानेवारी, रात्री ८.१५)

चार दिवस उत्तर दिलं नाही, कारण मी एक गोष्ट शोधत होते.

मास्तरांचं वाचल्यापासून एकच डोक्यात होतं. आम्ही सर्टिफिकेटं जपली, हजेरी जपली, बायोमेट्रिक जपलं, फोटो जपले. ज्यांना आम्ही घेतलं नाही त्यांची यादी कुठे आहे? काल माझ्या जुन्या सहकारिणीकडे गेले. ती आता दुसऱ्या सेंटरवर आहे, पण आमचे जुने कागद तिनं घरी एका पेटीत ठेवले होते. दुपारभर दोघी जमिनीवर बसून पाहत होतो. प्रवेश झालेल्यांच्या फाइली सगळ्या. चौकशी रजिस्टर फक्त दोन. बाकीची रद्दीत गेली असं ती म्हणाली, ‘प्रवेशच झाला नाही तर ठेवून काय करायचं होतं?’ मीही तेव्हा हेच म्हटलं असतं.

त्या दोन रजिस्टरांत शिलाईच्या एका बॅचला ७४ नावं आहेत आणि जागा ३०. उरलेल्या ४४ जणींपुढे माझ्याच अक्षरात ‘पुढील बॅच’. वय, गाव, शिक्षण, मोबाइल, सगळं आहे. कुहीच्या त्या मुलीच्या दोन ओळी खाली तिच्याच गावातली आणखी एक मुलगी आहे, तेच वय, तेच शिक्षण. ती उशिरा आली म्हणून राहिली. एवढाच फरक. आम्ही कोर्स करून पहिलीचं काय भलं केलं हे कळायला दुसरीचं काय झालं ते कळायला हवं होतं, आणि तिचं नाव इतकी वर्षं एका पेटीत पडून होतं.

तर ठरलं ते असं. सहकारिणीच्या सेंटरवर फेब्रुवारीत ब्युटी आणि शिलाईच्या दोन बॅचेस आहेत. तिचे सर तयार आहेत. अर्ज जागांपेक्षा जास्त आले तर सर्वांसमोर चिठ्ठ्या टाकायच्या. मोबिलायझरनं निवडायचं नाही. नंबर न लागलेल्यांचा फॉर्म तसाच पूर्ण भरायचा, त्यांच्या परवानगीनं, आणि फाइल वेगळी जपायची. फॉर्मवरची ओळ मी लिहून पाहिली आहे: ‘हा कोर्स लोकांच्या किती उपयोगाचा ठरतो हे समजण्यासाठी तुमच्या नोकरीची सरकारी नोंद पुढे गटानं पाहिली जाईल. तुमचं नाव कोणालाही कळवलं जाणार नाही. नको असेल तर इथे नाही लिहा, प्रवेशावर त्याचा परिणाम होणार नाही.’ स्नेहलताई, बघून सांगाल? पीएफची यंत्रणा आज अशी यादी घेत नाही, ते मला माहीत आहे. पण ती जेव्हा घ्यायला लागेल तेव्हा यादी तरी हवी.

रेणूताई, ज्यांची नोंद सापडणार नाही त्यांच्या घरी जायचं काम करायला कोणीतरी हवं. ज्यांना पार्लरचं काम कळतं, त्यांनीच विचारलं तर बायका खरं सांगतील.

स्नेहल_ॲडव्होकेट (१८ जानेवारी, रात्री ८.५०)

‘कोणालाही कळवलं जाणार नाही’ च्या पुढे ‘घरच्यांनाही नाही’ घाला. आणि परवानगी नंतर मागे घेता येते हे लिहा. बाकी ठीक.

रेणू_मानेवाडा (१८ जानेवारी, रात्री ९.३०)

मी येईन. सोमवार सोडून, सोमवारी माझ्याकडे गर्दी कमी असते तेव्हा मुलीच्या शाळेचं असतं. आणि पगार किती असं विचारू नका, कोणी सांगत नाही. गेल्या महिन्यात किती नवऱ्या केल्या, किती ब्लाउज शिवले, असं विचारा. मग हिशेब आपणच लावायचा.

हिशेबनीस_हिंगणा (१८ जानेवारी, रात्री १०.०५)

फॉर्ममध्ये ‘आधीचा यूएएन असल्यास’ असा रकाना ठेवा. पुष्कळांचा आधीच निघालेला असतो आणि त्यांना तो माहीत नसतो. १ फेब्रुवारीला रविवार आहे, मी लॅपटॉप घेऊन येतो. ज्याच्याकडे आधारला जोडलेला मोबाइल असेल त्याचा तिथेच शोधून देतो. नंबर न लागलेल्यांचाही.